आकडा नंतर, आधी ओळी वाचा: सिबिल रिपोर्ट आणि त्यातल्या चुका

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणारे चाकणला एका कारखान्यात नोकरीला आहेत, मूळ गाव बार्शी तालुक्यात, जन्मतारीख १ जूनची. ३० लाखांच्या गृहकर्जाचा अर्ज बँकेनं "सिबिल कमी आहे" एवढंच सांगून परत केला. स्कोअर ६४१. ते लिहितात: "मी आजवर एकही हप्ता चुकवलेला नाही. रिपोर्ट काढला तर त्यात दुचाकीचं एक कर्ज दिसतंय, ते मी घेतलेलंच नाही. २०२३ मध्ये मुदतीआधी फेडलेलं पर्सनल लोन अजून चालू दिसतंय, बाकी ५९० रुपये. आणि चुलत भावाच्या ट्रॅक्टरचं कर्जही माझ्याच रिपोर्टात आहे. यातलं चूक काय, बरोबर काय आणि दुरुस्ती कुठे होते?"

तुमच्या तीन नोंदींपैकी पहिल्या दोन बहुधा चुकीच्या आहेत आणि तिसरी बहुधा बरोबर आहे. तिघींचा इलाज वेगवेगळा आहे, म्हणून एकाच अर्जात तिन्ही कोंबू नका. मी एका नागरी सहकारी बँकेच्या कर्ज विभागात २४ वर्षं काढली. त्यातली शेवटची काही वर्षं कर्जदारांची माहिती सिबिलसारख्या कंपन्यांना पाठवण्याचं काम माझ्याच टेबलावर होतं. चूक कुठून शिरते ते मी आतून पाहिलंय, म्हणून थोडं लांबण लावून सांगतो.

आधी 'सिबिल' या शब्दाचा उलगडा करू. आपल्याकडे "त्याचं सिबिल गेलं", "सिबिल काढून आणा" असं सर्रास म्हणतात, पण सिबिल हे एका कंपनीचं नाव आहे. ती २००० साली स्थापन झाली, आता तिचं नाव ट्रान्सयुनियन सिबिल. तिच्यासारख्या आणखी तीन आहेत: एक्स्पेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क. चौघींनाही २००५ च्या पतमाहिती कंपन्यांच्या कायद्याखाली रिझर्व्ह बँकेचा परवाना आहे. बँका, फायनान्स कंपन्या, क्रेडिट कार्ड देणारे, मायक्रोफायनान्सवाले हे सगळे आपापल्या कर्जदारांची माहिती या चौघींना पाठवतात. १ जानेवारी २०२५ पासून ती किमान दर पंधरवड्याला पाठवावी लागते. या कंपन्या ती माहिती साठवतात, एका माणसाच्या नावाखाली जुळवतात आणि तिच्यावरून ३०० ते ९०० मधला एक आकडा काढतात.

यातून एक गोष्ट लक्षात घ्या. सिबिल तुमचं खातं पाहत नाही, तुमची पावती पाहत नाही. बँकेनं फाइलमध्ये जे लिहून पाठवलं तेच रिपोर्टात छापलं जातं. त्यामुळे बहुतेक चुकांचं मूळ कर्ज देणाऱ्याच्या खातेवहीत असतं आणि दुरुस्तीही तिथूनच व्हावी लागते. कंपनी स्वतःच्या अधिकारात कर्जाची नोंद बदलत नाही, ती बँकेला विचारते आणि बँक "हो, चूक आहे" म्हणाली तरच नोंद बदलते. लोक सिबिलला दहा मेल पाठवून दमतात, त्याचं कारण हेच.

बँकेनं तुम्हाला कोणत्या कंपनीचा रिपोर्ट पाहून नकार दिला, हे आधी विचारून घ्या. चारही कंपन्यांचे आकडे एकसारखे नसतात. ७५० च्या वर स्कोअर हवा हा नियमही रिझर्व्ह बँकेनं केलेला नाही, ती ज्या त्या बँकेनं आखलेली रेघ आहे. मात्र ती रेघ महागात पडते. ३० लाखांचं कर्ज २० वर्षांसाठी साडेआठ टक्क्यांनी मिळालं तर हप्ता साधारण २६,०३५ रुपये येतो, नऊ टक्क्यांनी मिळालं तर २६,९९२. महिन्याला ९५७ रुपयांचा फरक, पूर्ण मुदतीत सुमारे २ लाख ३० हजार. कुणाच्या तरी टंकलेखनाच्या चुकीपायी इतके पैसे जाऊ देऊ नका.

आता रिपोर्ट. चारही कंपन्यांनी प्रत्येकी वर्षातून एक पूर्ण रिपोर्ट, स्कोअरसकट, मोफत द्यायचा, असा नियम १ जानेवारी २०१७ पासून लागू आहे. म्हणजे वर्षाला चार रिपोर्ट फुकट. कंपनीच्या स्वतःच्या वेबसाइटवरून काढा. तिथे पैशांच्या योजना आधी आणि ठळक दिसतात, मोफत वार्षिक रिपोर्टचा पर्याय शोधावा लागतो, तो शोधा. कर्ज देणाऱ्या अ‍ॅपवर दिसणारा चकचकीत गोल आणि त्यातला आकडा पुरेसा नाही. त्यात बऱ्याचदा खात्यांचा तपशील अर्धामुर्धा असतो आणि तक्रारीला लागणारा रिपोर्ट क्रमांक नसतो. स्वतःचा रिपोर्ट स्वतः काढल्यानं स्कोअर कमी होतो ही भीती मनातून काढून टाका. तसं होत नाही. मी घरच्यांना सांगतो, दर तीन महिन्यांनी एका कंपनीचा रिपोर्ट काढायचा. वर्षभर नजर राहते, खर्च काही नाही.

रिपोर्ट हातात आला की सगळ्यांची नजर त्या आकड्यावर जाते. तो बाजूला ठेवा आणि पहिल्या पानावरचं नाव, जन्मतारीख, पॅन, पत्ते, फोन नंबर वाचा. हा भाग लोक सोडून देतात. तुमच्या पहिल्या नोंदीचं, त्या दुचाकीचं, उत्तर मला इथेच दिसतंय.

तुमची जन्मतारीख १ जून. आपल्याकडे शाळेत नाव घालताना खरी तारीख माहीत नसली की गुरुजी १ जून लिहीत. त्यामुळे एकेका गावात १ जूनवाले ढिगाने सापडतात. आता त्याच पिनकोडच्या हद्दीत तुमच्याच नावा-आडनावाचा, त्याच वर्षी शाळेत घातलेला दुसरा कुणी आहे असं धरा. आपल्याकडे माणूस ओळखायला मधलं, वडिलांचं नाव लागतं, पण कर्जाच्या फाइलमध्ये तेच अनेकदा गळतं. पत्ता काय, तर 'मु. पो.' आणि गावाचं नाव, घर क्रमांक नाही. त्यानं शोरूममध्ये मतदार ओळखपत्र आणि लायसन्सवर दुचाकीचं कर्ज घेतलं आणि पॅनची चौकट रिकामी राहिली, तर संगणकाला तुम्ही दोघं एकच वाटता. त्याचं कर्ज तुमच्या गळ्यात पडतं.

हे मी ऐकीव सांगत नाही. २०१५ च्या जानेवारीत रिझर्व्ह बँकेनं सगळ्या कर्जसंस्थांना चारही कंपन्यांचं सभासद व्हायला सांगितलं. त्यानंतर आमच्याकडेही जुन्या कर्जदारांची माहिती भरायची घाई झाली. अनेक जुन्या अर्जांवर जन्मतारीखच नव्हती आणि तारखेशिवाय ओळ पुढे सरकेना, तेव्हा एकाच ठोकळेबाज तारखेनं त्या चौकटी भरल्या गेल्या. नंतर एक बाई शाखेत आल्या. मुलीच्या शिक्षणासाठी कर्ज हवं होतं आणि रिपोर्टात दुसऱ्याच कुणाचं थकलेलं सोनेतारण. ती चूक आमच्या फाइलमधून गेली होती. ती सुधारेपर्यंत मुलीच्या पहिल्या वर्षाची फी त्यांनी दागिने मोडून भरली. तेव्हापासून मी प्रत्येकाला पहिलं पान वाचायला सांगतो.

तर तुम्ही काय करायचं? ओळखपत्रांच्या रकान्यात तुमच्याकडे नसलेलं मतदार कार्ड किंवा लायसन्स दिसतंय का, अनोळखी फोन नंबर किंवा कधी न राहिलेला पत्ता दिसतोय का, ते पाहा. दिसलं तर दोन माणसांची माहिती एकत्र झाल्याचा तो पुरावा. मग त्या फायनान्स कंपनीला लेखी कळवा, मेल करा आणि पोचही घ्या: "हे कर्ज माझं नाही. अर्जाची, ओळखपत्राची, फोटोची आणि सहीची प्रत द्या, गाडीचा नोंदणी क्रमांक द्या." आरसीवर मालक कोण आहे हे कंपनीला दोन मिनिटांत दिसतं. फोटो दुसऱ्याचा निघाला की वाद संपतो. त्याच दिवशी सिबिलच्या साइटवरही त्या खात्यासमोर 'खातं माझं नाही' या प्रकारात तक्रार नोंदवा. तक्रार मोफत असते.

एक शक्यता मात्र वेगळी काढून ठेवा. पॅन तुमचंच, फोटोही कुठून तरी उचललेला तुमचाच आणि कर्ज घेणारा भामटा, असंही होतं. छोट्या रकमेच्या अ‍ॅपवरच्या कर्जांत हे जास्त दिसतं. तसं असेल तर १९३० या सायबर हेल्पलाइनवर आणि पोलिसांकडे तक्रार द्या आणि तिची प्रत कर्ज देणाऱ्याला पाठवा. नुसतं "माझं नाही" म्हणून भागणार नाही. अ‍ॅपच्या बाबतीत आणखी एक घोटाळा होतो. अ‍ॅपचं नाव वेगळं आणि प्रत्यक्ष कर्ज देणाऱ्या कंपनीचं नाव वेगळं असतं. रिपोर्टात दुसरं नाव छापलं जातं. मोबाइल हप्त्यानं घेतला असेल किंवा 'आत्ता घ्या, नंतर पैसे द्या' वापरलं असेल, तर अनोळखी नाव दिसताच घाबरू नका. तारीख आणि रक्कम आधी आठवून पाहा.

आता दुसरी नोंद, पर्सनल लोन. ही वाचायला खात्याचा भाग उघडा. प्रत्येक कर्जाखाली उघडल्याची तारीख, मंजूर रक्कम, शिल्लक, थकीत रक्कम, बंद झाल्याची तारीख आणि 'माहिती कळवल्याची तारीख' असते. ही शेवटची तारीख सोन्यासारखी. ती जुनी असेल, म्हणजे २०२३ नंतर बँकेनं काही कळवलंच नसेल, तर नोंद नुसती शिळी आहे. बँकेनं एकदा 'बंद' कळवलं की काम झालं. ती ताजी असेल, म्हणजे बँक आजही शिल्लक कळवते आहे, तर बँकेच्या संगणकात तुमचं खातं खरोखरच उघडं आहे. पत्र कुणाला आणि कसं लिहायचं हे यावरून ठरतं.

त्याखाली महिन्यांची एक पट्टी असते, ३६ महिन्यांची. प्रत्येक महिन्याखाली त्या वेळी किती दिवसांची थकबाकी होती तो आकडा असतो. '०००' म्हणजे काही थकलेलं नाही. 'एक्सएक्सएक्स' म्हणजे त्या महिन्यात बँकेनं माहिती दिली नाही, त्यात तुमचा दोष नाही. ०३०, ०६०, ०९० असे चढते आकडे म्हणजे एखादी रक्कम भरायची राहिली आणि तशीच राहत गेली. काही बँका आकड्यांऐवजी अक्षरं पाठवतात. 'एसटीडी' म्हणजे नियमित, थकबाकी असलीच तर नव्वद दिवसांच्या आतली. 'एसएमए' म्हणजे कर्ज बिघडू लागल्याची खूण. 'एसयूबी', 'डीबीटी', 'एलएसएस' ही अक्षरं दिसली तर बँकेनं ते कर्ज बुडीताच्या वाटेवर टाकलंय असं समजा.

तुमच्याकडे शिल्लक ५९० आहे. हा आकडाच सगळं सांगतो. ५०० रुपये दंड आणि त्यावर १८ टक्के जीएसटी ९० रुपये. माझा अंदाज असा. तुम्ही महिन्याच्या शेवटी शाखेत जाऊन कर्ज एकरकमी फेडलंत. पण खात्यातून हप्ता आपोआप कापण्याची परवानगी रद्द व्हायला वेळ लागला आणि पुढच्या महिन्याच्या ठरलेल्या तारखेला हप्त्याची मागणी पुन्हा गेली. सगळे पैसे कर्जात भरल्यामुळे खात्यात शिल्लक नव्हती. मागणी परत आली आणि बाउन्सचा दंड त्या फेडलेल्या कर्जावर चढला. कुणी कळवलं नाही. ते ५९० रुपये महिना दर महिना थकत गेले आणि पट्टीत ०३०, ०६०, ०९० उमटत गेलं. रक्कम ५९० असो की ५ लाख, पट्टीतला दिवसांचा आकडा सारखाच दिसतो.

इथे बहुतेक जण एक चूक करतात. शाखेत जाऊन ५९० रुपये भरतात, "झालं एकदाचं" म्हणून घरी येतात. खातं बंद होतं, पण मागच्या महिन्यांचे ते चढते आकडे तसेच राहतात, आणि पैसे भरल्यामुळे दंड मान्य केल्यासारखंही होतं. त्याऐवजी आधी लेखी विचारा: हा आकार कोणत्या तारखेला, कशापोटी लावला? नो ड्यूज दाखला, म्हणजे काही बाकी नाही असं पत्र, दिल्यावर हप्ता कसा मागितला गेला? दाखल्याची आणि फेडीच्या पावतीची प्रत जोडा. मागणी तीन गोष्टींची करा, आणि तिन्ही शब्द पत्रात असू द्या: आकार रद्द करावा, खातं प्रत्यक्ष फेडीच्या तारखेपासून बंद दाखवावं आणि त्या तारखेनंतरची थकबाकीची सगळी महिनेवारी नोंद चारही कंपन्यांकडे दुरुस्त करावी. तिसरी मागणी राहिली तर स्कोअर फारसा हलत नाही.

दाखला सापडत नसेल तर बँकेकडून नव्यानं मागून घ्या. आमच्या सहकारी बँकांत, सोसायट्यांत याला बेबाकी दाखला म्हणतात. तो मिळाल्यावर दीड-दोन महिन्यांनी रिपोर्ट काढून पाहायची सवय ठेवा. पंधरवड्याची माहिती बँकेनं सात दिवसांत पाठवायची आणि कंपनीनं ती मिळाल्यापासून पाच दिवसांत चढवायची असा नियम आहे, तेव्हा दीड महिना पुष्कळ झाला.

तिसरी नोंद ट्रॅक्टरची. तिच्यासमोर मालकीचा रकाना पाहा. तिथे 'गॅरेंटर' लिहिलेलं असेल. तुम्ही भावाला जामीन राहिला आहात, हे तुम्ही पत्रात स्पष्ट लिहिलेलं नाही, पण चुलत भावाचं कर्ज दुसऱ्या कुठल्या वाटेनं तुमच्याकडे येईल असं वाटत नाही. आपल्याकडे जामीन राहणं म्हणजे सही करून देण्याचा शिष्टाचार समजतात. कायदा तसं समजत नाही. १८७२ च्या करार कायद्याचं १२८ वं कलम सांगतं की करारात वेगळं काही ठरलं नसेल तर जामीनदाराची जबाबदारी मूळ कर्जदाराइतकीच. म्हणून ती नोंद तुमच्या रिपोर्टात आहे आणि ती थकली तर तुमच्यावर तिची सावली पडते. या नोंदीवर तक्रार करू नका. बँक "बरोबर आहे" असं उत्तर देईल आणि तुमचा एक महिना जाईल. तिचं काय करायचं ते शेवटी सांगतो.

आता तक्रारीचं घड्याळ. ही माहिती फार थोड्यांना असते, म्हणून नीट लिहून घ्या. २६ ऑक्टोबर २०२३ ला रिझर्व्ह बँकेनं परिपत्रक काढलं आणि ते सहा महिन्यांनी लागू झालं. तुम्ही तक्रार दिलेल्या दिवसापासून ३० दिवसांत ती निकाली निघायला हवी. रविवार, सुट्ट्या सगळं धरून ३० दिवस. नाही निघाली तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई तुम्हाला मिळायला हवी. बँकेनं २१ दिवसांत दुरुस्त माहिती कंपनीकडे पाठवायची. तिनं पाठवली नाही तर भरपाई बँकेची, पाठवूनही कंपनीनं दुरुस्ती केली नाही तर कंपनीची. म्हणून तक्रारीत तुमचा मेल, फोन आणि भरपाई जमा करायला खाते क्रमांक द्या. हा तपशील नसेल तर पुढे अडचण येते. दुरुस्ती नाकारली तर कारणही कळवावं लागतं. "बँकेनं पुष्टी केली नाही" एवढंच उत्तर आलं तर बँकेकडे नेमकं कारण लेखी मागा.

३० दिवसांत उत्तर नाही किंवा उत्तर पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा. १ सप्टेंबर २०२२ पासून या चार कंपन्याही लोकपालाच्या कक्षेत आल्या आहेत. तक्रार ऑनलाइन करता येते, फी नाही, वकील लागत नाही, माहितीसाठी १४४४८ हा क्रमांक आहे. पण आधी बँकेकडे किंवा कंपनीकडे तक्रार केल्याचा पुरावा हवा, म्हणून फोनवर बोलून सोडू नका. आणि लोकपालाकडून काय मिळणार नाही हेही सांगतो. तो नोंद दुरुस्त करायला लावू शकतो, कर्ज मंजूर करायला लावत नाही. स्कोअर काढायचं गणितच चुकीचं आहे, अशा वादाला ही १०० रुपयांची भरपाईही लागू नाही. नोंदीवर भांडा, आकड्यावर नको.

त्याच दिवशी काढलेल्या दुसऱ्या परिपत्रकानं आणखी एक चांगली सोय झाली. कुणी तुमचा रिपोर्ट पाहिला की तुम्हाला एसएमएस किंवा मेल यायला हवा. त्यासाठी रिपोर्टातला तुमचा फोन नंबर चालू असला पाहिजे. अर्ज न करता असा मेसेज आला तर त्याच दिवशी चौकशी करा. कुणीतरी तुमच्या नावानं कर्ज मागतंय. रिपोर्टाच्या शेवटी 'चौकशा' नावाचा भाग असतो, त्यात हीच यादी सापडते.

तुमच्या प्रश्नात नाहीत, पण माझ्याकडे येणाऱ्या कागदांत सारख्या दिसतात अशा काही गोष्टी. 'सेटल्ड' हा शब्द चांगला वाटतो, पण बँकेच्या भाषेत त्याचा अर्थ ठरल्यापेक्षा कमी घेऊन मिटवलं असा होतो. वसुलीचा माणूस "एवढे भरा, मिटवून टाकू" म्हणतो तेव्हा हा शब्द रिपोर्टात येणार हे तो सांगत नाही. ऐपत असेल तर पूर्ण भरा आणि 'क्लोज्ड' लिहून घ्या. नसेलच तर तडजोड करा, पण जाणूनबुजून करा. मिटवलेलं कर्ज बँकेनं आधीच एखाद्या वसुली कंपनीला विकलेलं असेल तर तेच कर्ज दोन नावांनी दोनदा दिसतं. ते 'दुहेरी खातं' या प्रकारात टाका. बँकांच्या विलीनीकरणानंतरही असंच होतं. देना आणि विजया बँक २०१९ मध्ये बडोदा बँकेत गेल्या, २०२० मध्ये सिंडिकेट कॅनरात, आंध्रा आणि कॉर्पोरेशन युनियनमध्ये. जुन्या बँकेच्या नावानं एखादी ओळ मागे राहिली असेल तर आता ती उत्तराधिकारी बँकेकडून काढून घ्यायची.

पीककर्जाचं वेगळंच. दर वर्षी आपण नवं-जुनं करतो. मागचं भरतो, नवं उचलतो. काही ठिकाणी नव्याला नवा खाते क्रमांक पडतो आणि मागच्या वर्षाची ओळ कुणी बंद करत नाही. पाच वर्षांत एका शेतकऱ्याच्या नावावर पाच चालू पीककर्जं दिसतात. २०१७ आणि २०१९ च्या कर्जमाफीत शासनाकडून रक्कम जमा होऊन संपलेली खातीही मी थकीत दिसलेली पाहिली आहेत. त्यासाठी कर्जमाफीची पावती आणि बँकेचा खातेउतारा जोडून बँकेकडे जायचं. सातबारावरचा बोजा उतरला म्हणजे रिपोर्टातली नोंद उतरली, असं नसतं. ती दोन वेगळी दप्तरं आहेत.

आणि बायकांचे रिपोर्ट. लग्नाआधीच्या नावानं एक, नंतरच्या नावानं दुसरं, अशी एकाच बाईची माहिती दोन ठिकाणी विखुरते. एकीकडे वर्षानुवर्षं बचत गटाचे हप्ते वेळेवर भरल्याची नोंद पडून राहते आणि दुसरीकडे बँक म्हणते, "तुम्हाला काही इतिहासच नाही." हे मला फार लागतं, कारण गटातल्या बायकांइतकी चोख परतफेड मी क्वचित पाहिली आहे. बँकेत आणि पॅनवर नाव एकसारखं करून घ्या. पहिल्यांदाच कर्ज मागणाऱ्याला केवळ इतिहास नाही म्हणून नाकारू नये, असं रिझर्व्ह बँकेनं सांगितलेलं आहे, तेही शाखेत ठामपणे बोलून दाखवा.

"सिबिल क्लिअर करून देतो" असे फलक आता तालुक्याच्या स्टँडवरही दिसतात. पाच-दहा हजार घेतात आणि तुमच्या पॅन-ओटीपीवर तीच मोफत तक्रार टाकतात. खरी नोंद कुणालाही पुसता येत नाही. चुकीची नोंद तुम्हाला स्वतःला, एका दुपारी, फुकट दुरुस्तीला लावता येते. ओटीपी दुसऱ्याच्या हाती देऊ नका.

तर आता तुमचा क्रम असा ठेवा. या आठवड्यात दुचाकीची आणि ५९० रुपयांची, अशा दोन स्वतंत्र तक्रारी त्या त्या कर्ज देणाऱ्याकडे आणि सिबिलकडेही द्या. तारीख आणि तक्रार क्रमांक वहीत लिहा. दरम्यान दुसऱ्या चार बँकांत अर्ज टाकत फिरू नका. प्रत्येक अर्जाची चौकशी रिपोर्टात उमटते, आणि थोड्या दिवसांत पाच चौकशा दिसल्या की माणूस पैशाला अडलाय असा अर्थ निघतो. ज्या बँकेनं नकार दिला त्याच व्यवस्थापकाला तक्रारीची पोच, नो ड्यूज दाखला आणि दुचाकीच्या आरसीचा तपशील दाखवा. दुरुस्ती झाल्यावर रिपोर्ट पुन्हा काढायला सांगा. समजदार व्यवस्थापक असेल तर फाइल उघडी ठेवतो.

ट्रॅक्टरच्या बाबतीत आधी पट्टी पाहा. ट्रॅक्टरचा हप्ता बहुधा सहामाही असतो, सुगीच्या हिशेबानं. त्यामुळे एक हप्ता चुकला की तो पुढच्या सुगीपर्यंत दर महिन्याला चढत्या दिवसांनी थकीत दिसतो आणि जामीनदाराच्याही रिपोर्टात तसाच उमटतो. पट्टीत सगळीकडे ००० असेल तर निवांत राहा, मात्र गृहकर्ज देणारी बँक ती रक्कम तुमच्या जबाबदाऱ्यांत धरू शकते. आकडे चढलेले असतील तर भावाशी फोनवर बोलू नका. गावी जा, थकीत रक्कम किती ते त्याच्या पासबुकात दोघांनी मिळून पाहा. गरज पडली तर या वेळचा हप्ता तुम्ही भरा, त्याची पावती घ्या आणि तुमच्या जागी दुसरा जामीनदार बँक मान्य करते का, हे त्याच फेरीत शाखेत विचारून या. अर्ज लेखी द्या, भावाची सही त्यावर असू द्या.